निर्यातीच्या फळाचे दिवस कुठे खर्च होतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बागायतदारांचा एक गट आंबा आणि केळी समुद्रमार्गे निर्यात करू लागला आहे. आंब्याच्या पहिल्या कंटेनरमधली फळं परदेशी बंदरावर पोचेपर्यंत पिकून मऊ पडली. म्हणून दुसऱ्या खेपेला तापमान बरंच खाली ठेवलं. त्या वेळी फळं कडक पोचली, पण सालीवर राखाडी चट्टे आले आणि रायपनिंग चेंबरमध्ये (फळ पिकवण्याच्या खोलीत) ठेवूनही ती नीट पिकली नाहीत. आता गटाला विचारायचं आहे की स्वतःचं मोठं शीतगृह बांधलं आणि नियंत्रित वातावरणाचे कंटेनर (आतल्या हवेतला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड ठरावीक प्रमाणात ठेवणारे) घेतले, तर हे थांबेल का? आणि पुरवठा साखळी सांभाळणं म्हणजे रोजच्या कामात नेमकं काय?

पंचवीस वर्षं मी फळांच्या निर्यातीत आहे, आधी पॅकहाऊसमध्ये, म्हणजे माल निवडून खोक्यांत भरण्याच्या जागी, आणि मग खरेदीदाराच्या बाजूने माल उतरवून घेताना. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देतो: एवढ्यात बांधू नका. तुमचे दोन्ही कंटेनर समुद्रात बिघडले असं तुम्ही धरून चालला आहात. लिहिलेल्या लक्षणांवरून मला वाटतं, पहिल्याचं नुकसान दार बंद होण्याआधीच झालं होतं, आणि दुसऱ्याचं नुकसान पहिल्यावर केलेल्या उपायाने झालं.

तोडलेलं फळ जिवंत असतं. ते श्वास घेतं, साठवलेली साखर आणि पिष्ट जाळतं, पाणी गमावतं. झाडावरून तुटल्या क्षणी त्याच्याकडे ठरावीक दिवसांची शिल्लक असते आणि पुढे तिच्यात फक्त खर्च होतो, जमा काहीच होत नाही. तापमान दर १० अंशांनी वाढलं की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. आता हिशेब करा. तोडणीनंतर आंबा ३३ अंश सेल्सिअसला पडून आहे आणि त्याला १३ अंशांना जायचं आहे. मधे २० अंशांचा फरक, म्हणजे उन्हातला एक तास शीतगृहातल्या किमान ४ तासांइतका. सकाळी ८ ला तोडलेला माल संध्याकाळी ६ ला थंडीत गेला, तर १० तासांत त्याने ४० तासांची शिल्लक संपवली. जवळजवळ दोन दिवस! आंब्याची थंडीतली उमर दोन ते तीन आठवडे धरली, तर पहिल्याच दिवशी गेलेले हे दोन दिवस पुढे कोणत्याही यंत्राने परत मिळत नाहीत.

म्हणून मी साखळी नेहमी उलटी मांडतो, ग्राहकाच्या टोकाकडून. दुकानात फळ किती दिवस टिकायला हवं, त्याआधी पिकवण्याचे किती दिवस, बंदरातून सुटायला आणि तपासणीला किती, प्रवासाला किती, जहाज चढण्याआधी बंदरावर किती, पॅकिंगला किती. हे सगळं फळाच्या एकूण उमरीतून वजा करा आणि उशिरासाठी चार दिवस बाजूला काढा. जे उरेल तेवढंच तुमच्या हातात. उरलेला आकडा शून्याच्या जवळ असेल, तर त्या बाजारात समुद्रमार्गे ते फळ पाठवू नये, मग भाव कितीही चांगला असो. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि आशिया-युरोप मार्गावरची बरीच जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागली. प्रवास सुमारे १० ते १४ दिवसांनी लांबला. ज्यांनी हा हिशेब कागदावर मांडलेला होता त्यांना त्याच आठवड्यात कळलं की कोणतं फळ आता विमानानेच जाईल किंवा जाणारच नाही. बाकीच्यांना ते दार उघडल्यावर कळलं.

आता तोडणी ते पहिली थंडी या टप्प्याकडे येऊ, कारण तुमचा पैसा आणि लक्ष आधी इथे हवं. तोडणी पहाटे किंवा सकाळी लवकर करा. तोडलेल्या क्रेट सावलीत ठेवा. ताडपत्रीखाली नव्हे, तिच्याखाली तर ऊब साठते. हवा खेळेल अशी सावली हवी. आंबा लांब देठासह काढा आणि पॅकहाऊसमध्ये देठ कापून चीक पूर्ण निथळू द्या, नाहीतर चिकाने साल भाजते आणि तो डाग दोन आठवड्यांनी काळा होऊन दिसतो. बागेतून गाड्या दिवसातून एकदाच भरून आणायची सवय असेल, तर ती मोडा. दोन-तीन लहान फेऱ्यांचा खर्च जास्त वाटतो, पण तो वाचलेल्या दिवसांतून भरून निघतो.

त्यानंतर प्रीकूलिंग, म्हणजे कंटेनरमध्ये भरण्याआधी फळ आतपर्यंत थंड करणं. शीतगृहात माल ठेवला म्हणजे तो थंड झाला, असं इथे जवळजवळ प्रत्येकजण समजतो. खोक्यांत भरून पॅलेटवर (खोकी रचण्याच्या पाटावर) रचलेलं फळ नुसत्या थंड खोलीत आतपर्यंत गार व्हायला एक दिवसाहून जास्त घेतं. तेच पंख्याने हवा खोक्यांच्या छिद्रांतून ओढून नेली, तर काही तासांत होतं. फळ थंड होण्याची रीतही समजून घ्या. ३३ अंशांचं फळ आणि १३ अंशांची हवा. पहिल्या टप्प्यात अंतर निम्मं होऊन फळ २३ वर येतं, तेवढ्याच वेळात पुन्हा निम्मं होऊन १८ वर, आणि आणखी तेवढ्याच वेळात १५.५ वर. म्हणजे २३ वर आलेल्या फळाला ‘निम्मं काम झालं’ म्हणून बाहेर काढलं, तर खरं तर एक तृतीयांश वेळच झालेला असतो. हात लावून अंदाज करू नका. टोकदार थर्मामीटर गरात, कोयीजवळ घुसवून वाचा, आणि तेही पॅलेटच्या मधल्या खोक्यातल्या फळात. तो आकडा खोलीच्या दारावरच्या आकड्याशी जुळेपर्यंत माल हलवायचा नाही.

कारण रीफर, म्हणजे शीतयंत्र असलेला कंटेनर, फळ थंड करण्यासाठी बनवलेलाच नाही. तो थंड फळाला थंड ठेवतो. त्याची हवा जमिनीवरच्या पन्हाळीतून येते, मालातून वर चढते आणि छताखालून परत यंत्राकडे जाते. गरम माल भरला, की पॅलेटचं मधलं पोट कित्येक दिवस गरमच राहतं, फळाच्या श्वसनाची उष्णता त्यात भर घालते, एकदोन फळं पिकतात, त्यांचा इथिलीन वायू बाकीच्यांना पिकवतो. तुमच्या पहिल्या कंटेनरमध्ये दाराजवळची आणि मधली फळं जास्त मऊ होती असं तुम्ही लिहिलं आहे. मला तरी ही उष्णतेचीच खूण दिसते.

आणि दुसरा कंटेनर? राखाडी चट्टे, बारीक खड्डे, कडकपणा, गंध नाही, रंग नाही. ही शीतइजा. उष्ण प्रदेशातल्या फळाच्या पेशी थंडीसाठी घडलेल्या नसतात. आंबा जात आणि पक्वतेनुसार साधारण १० ते १३ अंशांच्या खाली दुखावतो आणि कोवळं फळ सर्वांत आधी दुखावतं. केळी १३ च्या खाली गेली की पिवळा रंग धुरकट होतो. सालीचा पातळ पापुद्रा काढून पाहिला तर आत तपकिरी रेषा दिसतात. अननस बाहेरून उत्तम दिसतो आणि कापला की गाभ्याजवळ काळवंडलेला निघतो. या इजेचं वाईट म्हणजे ती थंडीत असताना दिसत नाही. फळ पुन्हा उबेत आलं की एकदोन दिवसांत वर येते, तोवर माल दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असतो आणि सगळे एकमेकांकडे बोट दाखवत असतात. पहिल्या खेपेच्या उष्णतेवर तुम्ही थंडी वाढवून उतारा शोधला. फळाला मात्र दोन्ही बाजूंनी मर्यादा आहे, आणि आंब्यासाठी ती पट्टी जेमतेम तीन-चार अंशांची आहे.

याच कारणाने एका कंटेनरमध्ये चार फळं भरायचा मोह टाळा. लिचीला २ ते ५ अंश हवेत, केळीला १३ ते १४. मधला आकडा धरलात तर दोघांचंही वाटोळं होतं. त्यात पिकणाऱ्या आंब्या-पपईचा इथिलीन कच्च्या केळीला लवकर पिकवतो.

कंटेनर भरतानाच्या चार गोष्टी, ज्यांत मी सर्वाधिक चुका पाहिल्या आहेत. बुकिंगच्या कागदावर तापमान चिन्ह आणि एककासह लिहा: अधिक १३ अंश सेल्सिअस. एकदा आमच्या कागदावर नुसतं ‘१३’ होतं आणि कुठल्याशा टेबलावर त्याच्यापुढे उणे चिन्ह लागलं. फळं दगड होऊन पोचली. तेव्हापासून यंत्राच्या पडद्याचा फोटो काढल्याशिवाय मी सील लावू दिलेलं नाही. दुसरं, ताज्या हवेची झडप किती उघडी ठेवायची ते घनमीटर प्रति तास या मापात लिहा. साध्या रीफरमध्ये ती बंद राहिली तर कार्बन डायऑक्साइड आणि इथिलीन आतच साठतात. तिसरं, छतालगतच्या लाल रेषेच्या वर माल रचू नका आणि जमिनीवर मोकळी जागा सोडू नका. हवा सोप्या वाटेने निघून जाते आणि मालातून जातच नाही. चौथं, खोक्यांची छिद्रं एकावर एक जुळली पाहिजेत आणि कोपऱ्यावर कोपरा आला पाहिजे. पुठ्ठ्याच्या खोक्याची ताकद त्याच्या उभ्या कोपऱ्यांत असते, आणि ९० टक्के आर्द्रतेत पुठ्ठा आधीच निम्म्याच्या आसपास ताकद गमावून बसलेला असतो. ४० फुटी कंटेनरमध्ये केळीची १८.१४ किलोची १,०८० खोकी जातात. तळाचा थर बसला तर वरचं सगळं ओझं फळांवर येतं.

खोक्यावरून एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाच्या व्यापारात ग्रो मिशेल जातीची केळी होती. जाड सालीची, दणकट. अख्खे घड जहाजात टांगून किंवा रचून जात. पनामा मर रोगाने तिच्या बागा उद्ध्वस्त केल्या आणि कॅव्हेंडिश जात आली. ती रोगाला टिकली, पण तिची साल इतकी नाजूक की घड तसाच पाठवणं शक्यच नव्हतं. मग बागेशेजारी पॅकहाऊस आली, फण्या कापणं, धुणं आणि पुठ्ठ्याचं खोकं आलं. एका जातीने सगळी साखळी बदलून टाकली. आज त्याच रोगाचा टीआर४ हा प्रकार कॅव्हेंडिशला मारतो आहे आणि २०१९ मध्ये तो कोलंबियातही सापडला. तुमच्या बागेच्या फाटकाशी बूट धुण्याचं टाकं आणि बाहेरच्या गाड्यांना बंदी हीसुद्धा पुरवठा साखळीच आहे.

पक्वतेबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण तुमच्या दुखण्याचा निम्मा भाग मला तिथे दिसतो. आंबा चौदा आणे (सोळा आण्यांपैकी चौदा, म्हणजे जवळजवळ पूर्ण) तयार झाला की काढावा, असं जुने लोक सांगतात, आणि समुद्रमार्गासाठी ते अगदी योग्य आहे. खांदे देठाच्या वर भरून आलेले, गर कोयीजवळ पांढरा सुटून पिवळसर व्हायला लागलेला. याहून कोवळं फळ थंडीत दुखावतं आणि पिकलं तरी पाणचट लागतं. याहून जून फळ वाटेतच पिकतं. तुमच्या गटातल्या प्रत्येकाने आपापल्या अंदाजाने काढलेला माल एका पॅलेटवर आला, तर त्या पॅलेटला योग्य असं तापमान अस्तित्वातच नसतं. अननसाबाबत तर आणखी कडक राहा. तो तोडल्यानंतर गोड होत नाही, कारण गोडीत बदलेल असा पिष्टाचा साठा त्याच्याकडे नाही. कच्चा तोडला तो कच्चाच.

केळीत हे काम रंगीत फितीने फार छान होतं. केळफूल बाहेर पडलं की त्या आठवड्याच्या रंगाची फीत घडाला बांधायची. मजुराला वय मोजावं लागत नाही, या आठवड्यात निळ्या फितीचे घड काढा एवढं सांगितलं की झालं; कॅलिपरने फळाची जाडी तपासून खात्री करायची. पण मला फितीचा दुसरा उपयोग जास्त मोलाचा वाटतो. दर आठवड्याला किती फिती बांधल्या याची नोंद ठेवली, तर दहा-बारा आठवड्यांनी किती खोकी निघतील ते आजच कळतं. कंटेनर, खोकी, मजूर, जहाजातली जागा, सगळ्याचं नियोजन त्या एका वहीतून निघतं. आंब्यात मोहराच्या तारखेची खूणचिठ्ठी झाडाच्या बाजूवार लावून पाहा. केळीइतकं नेमकं उत्तर मिळणार नाही, पण अंदाज करण्यापेक्षा कितीतरी बरं.

फळावर उरणारे कीडनाशकांचे अंश आणि क्वारंटाइन (परक्या किडी रोखण्याचे आयात नियम) या दोन गोष्टी कागदाच्या वाटतात, म्हणून शेवटी केल्या जातात. त्या सुरुवातीच्या आहेत. युरोपीय संघात एखाद्या कीडनाशकाची त्या फळासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नसेल, तर एका किलोत ०.०१ मिलिग्रॅम हीच मर्यादा धरली जाते. म्हणजे तुमच्या देशात परवानगी असलेलं औषधसुद्धा तिकडे माल अडवू शकतं. कोणत्या बाजारासाठी पिकवतो आहोत हे मोहराच्या आधी ठरवा, फवारणीची यादी त्यावरून बनवा आणि प्रयोगशाळेचा नमुना तोडणीच्या आधी पाठवा. पॅकिंगनंतर आलेला वाईट अहवाल हातात धरून उभं राहण्याइतकं लाचार वाटणारं दुसरं काही या धंद्यात नाही.

फळमाशीसाठी प्रत्येक देशाची प्रक्रिया वेगळी. आंब्याला अमेरिकेसाठी बऱ्याच ठिकाणांहून ४६.१ अंशांच्या गरम पाण्याची प्रक्रिया लागते, फळाच्या आकारमानानुसार साधारण ६५ ते ११० मिनिटं. काही देशांच्या मालाला विकिरण लागतं. फळमाशीसाठी किमान मात्रा १५० ग्रे (ग्रे हे विकिरणाच्या मात्रेचं एकक), आणि पतंगवर्गाचे कोष व प्रौढ सोडून बाकीच्या किडींसाठी ४०० ग्रे. जपान वाफेची प्रक्रिया मागतो. हे सगळं फळाच्या दिवसांच्या हिशेबात धरा, कारण गरम पाण्यात तास-दीड तास बसलेलं फळ काही शिल्लक खर्चूनच बाहेर येतं, आणि कोवळं फळ त्यात खांद्याजवळ खचतं. युरोपीय संघ डिसेंबर २०१९ पासून जवळजवळ सर्व ताज्या फळांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र मागतो. केळी, अननस, नारळ, ड्युरियन आणि खजूर एवढीच सुटलेली आहेत. आंबा त्यात येत नाही. लाकडी पॅलेटवर उष्णता प्रक्रियेचा शिक्का हवा, म्हणजे लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश ३० मिनिटं. फळ निर्दोष असूनही केवळ शिक्का नसलेल्या पॅलेटपायी अडकलेला माल मी स्वतः पाहिला आहे.

आता रोजच्या कामात काय, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. फळ हातातून हातात जाताना बिघडतं. बागेतला माणूस म्हणतो, मी वेळेत तोडलं. गाडीवाला म्हणतो, मी पोचवलं. पॅकहाऊस म्हणतं, आमच्याकडे रांग होती. प्रत्येकजण आपल्यापुरता खरा असतो आणि मधले तीन तास कोणाचेच नसतात. तुमच्या गटात एका माणसाला फक्त या वेळेची जबाबदारी द्या. प्रत्येक क्रेटवर बागेचा क्रमांक आणि तोडणीची वेळ असलेली चिठ्ठी लागते आहे ना, पॅकहाऊसच्या दारात वेळ लिहिली जाते आहे ना, प्रीकूलिंगला शिरताना आणि निघताना गराचं तापमान नोंदलं जातं आहे ना, एवढंच त्याने पाहायचं. तोडणी थांबवण्याचा अधिकारही त्याच्याकडे हवा. पॅकहाऊस तुंबलं असेल, तर झाडावर एक दिवस जास्त राहिलेलं फळ क्रेटमध्ये दुपारभर पडलेल्या फळापेक्षा नक्कीच सुरक्षित असतं.

नियंत्रित वातावरणाचा कंटेनर मला नकोसा नाही. आंब्याला ३ ते ५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्क्यांहून थोडा वर कार्बन डायऑक्साइड मिळाला, तर लांबच्या प्रवासात त्याचा खरोखर उपयोग होतो. पण तो फळाची उरलेली उमर ताणतो. आधीच संपलेली उमर त्याला देता येत नाही. आणि फळावर काळे डाग पाडणारा करपा रोग त्याने थांबत नाही. करप्याची बुरशी फळ झाडावर लहान असतानाच सालीत शिरून झोपलेली असते आणि पिकताना जागी होते. त्यावर उपाय बागेत: वाळक्या फांद्या काढणं, पावसानंतरची वेळेवर फवारणी, आणि काढणीनंतर ५२ ते ५५ अंशांच्या पाण्यात पाचेक मिनिटांची बुडवणी.

पुढच्या खेपेला शीतगृहाच्या आराखड्याऐवजी हे करा. कंटेनर एकच पाठवा. त्यात निदान तीन डेटा लॉगर (तापमान आपोआप नोंदवणारी उपकरणं) ठेवा: एक यंत्राजवळच्या पॅलेटमध्ये, एक मधल्या पॅलेटच्या पोटात, एक दाराजवळ वरच्या थरात. खरेदीदाराशी आधीच लेखी ठरवा की दार उघडल्यापासून २४ तासांच्या आत फोटो, गराचं तापमान आणि लॉगरच्या नोंदी तुम्हाला मिळतील, आणि नुकसानीची तक्रार असेल तर त्रयस्थ सर्वेक्षक बोलावला जाईल.

आणि प्रत्येक बागेच्या मालातलं एक खोकं मागे ठेवा. ते इथल्याच एखाद्या शीतगृहात १३ अंशांना, जहाज जितके दिवस समुद्रात आहे तितके दिवस ठेवायचं, कंटेनर उघडला त्याच दिवशी बाहेर काढून पिकवायचं आणि रोज कापून पाहायचं. मागे ठेवलेलं फळ चांगलं पिकलं आणि तिकडचं बिघडलं, तर दोष प्रवासात आहे आणि लॉगर तो दाखवेल. दोन्ही सारखीच बिघडली, तर दोष तोडणीत किंवा पहिल्या सहा तासांत आहे, आणि चिठ्ठीवरचा बागेचा क्रमांक व वेळ पाहून तुम्ही त्या बागेत जाऊन उभे राहू शकता.